‘अनुदानच मिळत नाही, तर संशोधन कुठून होणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अनुदानाच्या समित्या उत्क्रांतीवाल्यांच्या ताब्यात आहेत. ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे सजीव आपोआप घडले नाहीत, कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले, ही कल्पना मांडणाऱ्यांना दमडीही मिळत नाही आणि वर त्यांनाच विचारायचं, तुमचे शोधनिबंध कुठे आहेत? हा अन्याय आहे.

यातली एक गोष्ट मला मान्य आहे. समित्या आणि नियतकालिकं वेगळ्या कल्पनेला कचरतात. पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) मुळात स्वतंत्र जिवाणू होती, हे मांडणारा जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांचा निबंध पंधराएक ठिकाणांहून परत आला आणि शेवटी १९६७ साली छापला गेला. पण त्या कल्पनेतून तपासता येण्यासारखं काही निघत होतं. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए त्याच पेशीच्या केंद्रकापेक्षा जिवाणूंशी जास्त जुळायला हवा. पुढे जनुकीय क्रम वाचण्याचं तंत्र आलं, आणि तो जुळला. विरोध तिथेच मावळला.

आता पैशाचं. टेम्पलटन फाउंडेशन ही अमेरिकी संस्था धर्म आणि विज्ञान यांच्या सीमेवरच्या प्रश्नांसाठीच पैसा देते. देव हा शब्द ऐकून दार लावून घेणारी ती नाही. तिचे पदाधिकारी चार्ल्स हार्पर यांनी २००५ साली न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं, की इंटेलिजंट डिझाइनवाल्यांकडून आम्ही प्रत्यक्ष संशोधनाचे प्रस्ताव मागितले. ते आलेच नाहीत. सिअ‍ॅटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट तर याच विचाराची संस्था, आणि तीही १९९०च्या दशकापासून फेलोशिप देत आली. म्हणजे पैसा अगदीच नव्हता असं नाही.

अडतं कुठे, ते जिवाणूच्या कशाभिकेवरून दाखवतो, कारण तुम्हीही तेच उदाहरण दिलंय. या फिरत्या शेपटीचा एक भाग काढला की ती बंद पडते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडणं शक्य नाही, हा इंटेलिजंट डिझाइन मांडणारे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचा युक्तिवाद. एकेक जनुक काढून जिवाणू पोहत नाही हे दाखवणारे प्रयोग झालेत आणि ते खरे आहेत. पण दगडी कमानीचा एक दगड काढला तरी ती कोसळते. त्यावरून ती बांधताना खाली सेंटरिंग नव्हतं असं ठरत नाही. भाग काढून पाहणं आजचं यंत्र कसं चालतं ते सांगतं, ते कसं घडलं ते सांगत नाही. प्लेगच्या जिवाणूकडे प्रथिनं टोचणारी सुई असते. तिचा तळ कशाभिकेच्या तळासारखाच आहे. शेपूट नाही, पोहणं नाही, तरी ती काम करते.

बीहींनी स्वतःच एक कसोटी सुचवली होती : कशाभिका नसलेला जिवाणू घ्या, हलण्यावाचून गत्यंतर नाही अशा स्थितीत दहा हजार पिढ्या वाढवा आणि काय होतं ते पाहा. २००५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळेत इंटेलिजंट डिझाइन आणण्यावरून झालेल्या खटल्यात त्यांना उलटतपासणीत या प्रयोगाबद्दल विचारलं. तो त्यांनी केलेला नव्हता. आपला वेळ दुसरीकडे जास्त सत्कारणी लागेल, असं त्यांचं उत्तर होतं. (विज्ञान काय हे न्यायाधीशाने ठरवू नये, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. मी इथे निकाल नाही, साक्ष सांगतोय.)

त्या जातीचा एक प्रयोग दुसऱ्यांनी केला, तो २०१५ साली ‘सायन्स’मध्ये आला. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूतून फ्लेक्यू हे कशाभिका बांधण्याचा हुकूम देणारं जनुक काढून टाकलं आणि जिवाणू मऊ अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर ठेवला. जागच्या जागी खाणं संपतं. हलेल तो जगेल. ९६ तासांच्या आत पोहणारे जिवाणू मिळाले. पहिल्या उत्परिवर्तनाने (जनुकातल्या बदलाने) नायट्रोजनचं नियमन करणारं एक प्रथिन गरजेपेक्षा जास्त सक्रिय झालं. दुसऱ्याने तेच प्रथिन कशाभिकेच्या जनुकांकडे वळलं. त्याची किंमत म्हणून नायट्रोजनचा कारभार विस्कटला. यात कशाभिकेचे भाग बनवणारी जनुकं शाबूत होती, गेला होता तो फक्त हुकूम देणारा. त्यामुळे कशाभिका मुळात कशी घडली, हे या प्रयोगाने सुटत नाही, आणि तसा दावा मी करणार नाही. पण असा प्रस्ताव समितीपुढे ठेवता येतो : कोणता जिवाणू, काय काढलं, किती दिवस, तुलनेला काय, आणि कोणता निकाल आला तर आपली कल्पना चुकली म्हणायचं.

इंटेलिजंट डिझाइनचा प्रस्ताव अडतो तो या शेवटच्या रकान्यात. रचनाकार केव्हा, कसा, कशावर काम करतो याबद्दल काहीच सांगायचं नाही असं ठरवलं, की कोणताही निकाल त्याच्याशी जुळतो. मग परीक्षकाने पैसा कोणत्या मोजणीला द्यायचा?

‘उत्क्रांतीने हे अजून समजावलेलं नाही’ ही त्या रकान्यातली नोंद होऊ शकत नाही. ती उत्क्रांतीच्या संशोधकांसाठी कामाची यादी आहे, आणि त्या यादीवर ते अनुदान मागतात. तुमच्या मनात एखादा प्रयोग असेल तर इथेच लिहा : काय मोजायचं, आणि रचनाकार असेल तर आकडा किती यायला हवा, नसेल तर किती. तेवढं मिळालं तर पुढची चर्चा मी त्या प्रयोगावरच करीन.