फणेरपेटीला पॉलिश मारू नका

हल्ली जुन्या पेट्यांना बरे दिवस आलेत. टीव्हीखाली सागवानी संदूक, त्यावर काच टाकून केलेला टीपॉय, शोकेसमध्ये पानाचा पितळी डबा आणि शेजारी अडकित्ता. मला याचा मनापासून आनंद आहे. पन्नास वर्षं माळ्यावर धूळ खात पडलेली वस्तू खाली आली, घरातल्या पोरांच्या नजरेला पडली, हे चांगलंच झालं. पण खाली आल्या आल्या आपण तिचं काय करतो? थेट सुताराकडे. तो सँडपेपर मारतो, मेलामाइनचा हात देतो, कडीकोयंडा काढून नवा चकचकीत बसवतो. पेटी घरी येते ती कालच दुकानातून आणल्यासारखी. माझं भांडण या सँडपेपरशी आहे.

फणेरपेटी ज्यांनी वापरात पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साधारण वीतभर उंचीची लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. पाटावर मांडी घालून बसलं की चेहरा नीट दिसावा अशा बेताने झाकण तिरकं उभं राहतं. आत खण. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात मेणाची डबी, काजळाची डबी, केस बांधायची आगवळ. आधी बोटाने कपाळावर मेणाचं गोल टेकवायचं, मग त्यावर कुंकू. मेणामुळे कुंकू दिवसभर कपाळाला धरून राही. बाईचं असं स्वतःचं जे काही त्या घरात असे, ते बहुतेक एवढ्या पेटीत मावे.

आमच्या घरी अशा दोन पेट्या आहेत. एक आजेसासूबाईंची, दुसरी त्यांच्या नणंदेची. आजेसासूबाईंच्या पेटीत कुंकवाच्या खणाचं लाकूड आरपार लाल झालंय. मेणाच्या खणाच्या कडेला अजून बोट लावलं तर किंचित चिकट लागतं. झाकण उचलायच्या जागी पुढची कड अंगठ्याएवढी झिजून गुळगुळीत झाली आहे, आणि ती झीज मधोमध नाही, उजवीकडे आहे. रोज सकाळी एकाच हाताने, एकाच जागी धरून झाकण उघडलं जायचं.

नणंदेची पेटी त्याच घाटाची, बहुधा एकाच सुताराची. पण तिच्यात कुंकवाचा खण जवळजवळ कोरा आहे. तळाशी फिकट गुलाबी ठिपके, बस्स. ती लहान वयात विधवा होऊन माहेरी, सांगलीला आली. आरसा कुणीतरी आतून काढून टाकलाय, नुसती चौकट उरली आहे. पुढे तिने त्या पेटीत जपमाळ ठेवली, पोस्टाचं पासबुक ठेवलं, औषधाच्या पुड्या ठेवल्या. फणीच्या खणात वेखंडाचा वास आजही येतो. तिच्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही. तिचा फोटो नाही, पत्र नाही. तिच्यावर काय गुदरलं हे सांगणारा हा कोरा खण तेवढा आहे.

आणि आमच्या ओळखीचा सुतार अगदी आपुलकीने म्हणाला, "वहिनी, दोन्ही घासून एकसारख्या करून देतो. जोडी छान दिसेल."

जोडी छान दिसली असती, यात शंका नाही. पण मग एकीचा संसार आणि दुसरीचं वैधव्य, दोन्ही त्याच भुश्श्यात गेलं असतं. मे 2022 मध्ये इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही पेटी. ज्या प्रथेविरुद्ध तो ठराव झाला तिचा पुरावा आमच्या घरात लाकडात जपलेला आहे. त्यावर मी पॉलिश कशी मारू देऊ?

पितळेचंही तेच. पानाचा डबा दिसला की आपला हात चिंचेकडे जातो. रोजच्या वापराचं भांडं चिंचेने घासा, ते त्यासाठीच आहे. पण लाकडी पेटीवरच्या पातळ पितळी पट्ट्यांना चिंच-लिंबू लावू नका. आंबट पाणी खिळ्यांच्या भोकांतून लाकडात उतरतं, आत राहतं, आणि काही दिवसांनी खिळ्याभोवती हिरवं फुटायला लागतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, फारच कोरडं लाकूड वाटलं तर साधं मधमाशीचं मेण अगदी पातळ चोळा. आत वेखंडाचा तुकडा ठेवा. एवढं पुरे. पेटीखाली पिवळसर बारीक पीठ पडत असेल तर मात्र किडा जिवंत आहे, तेव्हा जाणकाराला दाखवा.

सांगलीकरांना पाण्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. ऑगस्ट 2019 मध्ये महापुराचं पाणी ओसरल्यावर गावभागात रस्त्याच्या कडेला जे ढीग लागले होते त्यात गाद्या-कपाटांच्या जोडीला जुन्या पेट्याही होत्या. लोकांचा इलाज नव्हता, घरात चिखल होता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण पुढच्या वेळेसाठी एवढं लक्षात असू द्या: सांधे सुटलेली पेटी म्हणजे संपलेली पेटी नव्हे. जुने कारागीर जोडकामाला सरस वापरत. तो जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात आणि पाण्यात विरघळतो. म्हणून पेटी उकलते, पण लाकूड बहुधा शाबूत असतं. चिखल हलक्या हाताने धुवायचा, तुकडे एकत्र ठेवायचे, उन्हात अजिबात नाही, सावलीत हळूहळू वाळवायचे. उन्हात घातलं की लाकूड तडकतं, आणि ते मात्र परत जुळत नाही. वाळल्यावर त्याच सरसाने पेटी पुन्हा उभी राहते.

मोडीत घालणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मोडवाला वजन करतो ते पितळेचं. पट्ट्या, कड्या, बिजागऱ्या उचकटून घेतल्यावर लाकूड बंबात जातं. एका वेळच्या भाजीचे पैसे हाती येतात.

विकत घेणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. 'शंभर वर्षं जुनी' म्हणून नव्या पेट्या सर्रास विकल्या जातात. स्क्रू बघा. चौफुली खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकातले, त्यामुळे सगळे स्क्रू तसे असतील तर शंभर वर्षांची गोष्ट सोडा. पेटी उलटी करून तळ बघा, खऱ्या पेटीचा तळ सहसा कुणी रंगवत नसे. झीज बघा. हात जिथे लागतो तिथेच झीज हवी. चारी कोपरे सारखेच घासलेले दिसले तर ती झीज कारखान्यातली. हस्तिदंताची नक्षी असेल तर तिथून निघून या, हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आणि परदेशातल्या मुलांना पेटी पाठवायचा विचार करणाऱ्यांसाठी: शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

पुण्यात केळकर संग्रहालय बघा, सातारा जिल्ह्यातल्या औंधला पंतप्रतिनिधींचं भवानी संग्रहालय बघा, जाऊन अवश्य बघा. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून घरगुती वस्तू गोळा केल्या म्हणून आज आपल्याला त्या बघायला तरी मिळतात. पण संग्रहालयातल्या पेटीपुढे उभं राहिल्यावर ती कुणाची होती हे सहसा कळत नाही. आपल्या घरातल्या पेटीचं ते अजून सांगता येतं, सांगणारं माणूस हयात आहे तोवर. म्हणून मी दोन्ही पेट्यांत एकेक कागद ठेवलाय. कुणाची, माहेर कुठलं, सासर कुठलं, पेटी घरात कधी आली, पुढे तिच्यात काय ठेवलं गेलं. पेन्सिलने लिहिलंय, शाई फुटते. नणंदेच्या कागदावर तिचं माहेरचं नाव लिहायला सासूबाईंना दोन घरी फोन करावे लागले.

आता एक मदत हवी आहे. आजेसासूबाईंच्या पेटीची एक बिजागरी खिळखिळी झाली आहे. सांगली-मिरजेत जुनीच बिजागरी बसती करून देणारा, लाकडाला हात न लावणारा कारागीर कुणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आरसा बदलायचा नाहीये, काळे डाग पडलेत ते तसेच राहू देत.