तुलनेची पट्टी कुठे आहे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कृषी कंपन्या गावात करतात त्या कामांवरच्या आमच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय, त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. कायद्याने द्यावाच लागणारा नफ्यातला 2 टक्के पैसा कंपनीने दिला, तर आरती कसली ओवाळता? मातीपरीक्षणाचे कागद घरोघरी खुंटीला लटकलेत. प्रात्यक्षिक प्लॉट म्हणजे बियाण्याची जाहिरात. फुकट मिळालेली यंत्रं शेडमध्ये गंजतात. मुंबईतल्या सोसायट्यांमधला 'शेतकरी बाजार' व्यापारीच चालवतात, खरा शेतकरी ओळखायचा कसा? आणि शेवटी टोला : मुंबईत बसून पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याच्या भाताबद्दल लिहू नका.

टोल्याबद्दल एवढंच, की वाड्यात काय वाटायचं हे बऱ्याचदा नरिमन पॉइंटला नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुलात ठरतं. तेव्हा इथूनही कोणी प्रश्न विचारले तर बिघडत नाही.

आता पैशाचं. 2 टक्क्यांचा नियम कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मधला. नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात. पण सक्ती रकमेची आहे. कशावर आणि कुठे, हे संचालक मंडळ ठरवतं. त्याच पैशात एखाद्या शाळेत संगणक बसवता येतात आणि मातीची प्रत राखायचं कामही करता येतं. कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या कामांच्या यादीत दोन्ही बसतं. म्हणून 'द्यावाच लागतो' म्हणून विषय संपत नाही, उलट तिथूनच सुरू होतो. कंपनीचा नेहमीचा धंदा मात्र या खर्चात धरता येत नाही. बियाणं विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या वाणाचा प्लॉट लावला तर ती विक्रीची खटपट झाली. आमच्या लेखात आम्ही असा प्लॉट आणि मातीपरीक्षण एकाच परिच्छेदात 'सामाजिक काम' म्हणून कोंबलं होतं. ती आमची चूक, दुरुस्ती केली आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कामाचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायची सक्ती आहे, पण ती या खर्चाची सरासरी 10 कोटी किंवा जास्त जबाबदारी असलेल्या कंपन्यांना, आणि तीही 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरती. एका गावातलं काम सहसा या आकड्याच्या खूप खाली असतं. म्हणजे फोटो निघतो, फलक लागतो, आणि तिसऱ्या वर्षी तिकडे कोणी फिरकलंच पाहिजे असं नाही.

मातीपरीक्षणाचे कागद खुंटीला लटकतात हे खरं आहे. का लटकतात ते पाहा. 2015 पासूनच्या सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत बागायतीला अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूला 10 हेक्टरला एक नमुना असा जाळीचा हिशेब होता. वाड्या-जव्हारला खाचरं, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे, गुंठ्यांत मोजतात. 10 हेक्टरमध्ये उताराच्या वरची मुरमाड, हलकी वरकस आणि खालची गाळाची जमीन दोन्ही येतात, आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या हातात आकडे एकच. असा कागद खुंटीला लटकला तर दोष शेतकऱ्याचा नाही. कंपनीला मदत करायचीच असेल तर करण्यासारखं हेच आहे : खाचरनिहाय नमुना आणि कागदाचं पोत्यांत भाषांतर, म्हणजे कुठलं खत किती टाकायचं ते.

नमुना घ्यायचा तो भात निघाल्यावर, खत टाकायच्या आधी. कोकणात एप्रिल-मे उत्तम. एका प्रकारच्या जमिनीत नागमोडी चालत 10 ते 15 ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 15 ते 20 सेंटिमीटर खड्डा करायचा, त्याच्या एका बाजूची दोन सेंटिमीटर जाडीची माती वरपासून खालपर्यंत कापून घमेल्यात घ्यायची. सगळी एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत सुकवून कापडी पिशवीत. बांधाजवळची, झाडाखालची, शेणाच्या ढिगाजवळची आणि रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा, भाजलेल्या जागेची माती नको. सर्वांत जास्त घोटाळा कुठे होतो माहितीये? पिशवीत. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरला की पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) 'भरपूर' येतं, आणि मग शेतकरी खत कमी करून फसतो. जस्त तपासायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलंही चालत नाही.

आणि निकाल आला की तो किलोत सांगायला हवा. सुधारित भाताला कोकणात हेक्टरी 100 किलो नत्र (नायट्रोजन), 50 स्फुरद, 50 पालाश ही शिफारस. 10 गुंठ्यांच्या खाचराला म्हणजे 11 किलो डीएपी, साडेसतरा किलो युरिया आणि साडेआठ किलोच्या आसपास म्युरेट ऑफ पोटॅश. युरिया एकदम नाही. लावणीला, फुटव्याला आणि थोडा फुलोऱ्याच्या सुमाराला. अहवालात पालाश 'जास्त' असेल तर पोटॅश पावपटीने कमी. हे चार आकडे कार्डाच्या पाठीमागे पेनाने लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात. तेवढं झालं नाही, तर शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन नेहमीचं 15:15:15 मिश्रखत उचलतो, ज्यात तिन्ही अन्नद्रव्यं कायम सारखीच.

खत कंपनीच्या हेतूवर शंका असेल तर आमची एक कसोटी आहे : ती खत कमी करायला शिकवते का? चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, दर चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये, 7 ते 10 सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी खोचतात. जोडओळी 15 आणि 25 सेंटिमीटरच्या अंतराने धरल्या की हेक्टरी 62,500 ब्रिकेटी, म्हणजे 170 किलोच्या आत-बाहेर. 10 गुंठ्यांना 17 किलो. वर फोकायचं डीएपी आणि युरिया मिळून साडेअठ्ठावीस किलो होतं, त्याच्याशी ताडून पाहा. खत मुळाशी राहतं, पावसाच्या लोंढ्याबरोबर खालच्या खाचरात जात नाही. अडचणीही आहेत. दोरी न धरता लावणी केली तर चार चुडांचा मध्य सापडतच नाही. ब्रिकेट पोत्यातून उघडी राहिली तर दमट हवेत पाझरते. आणि लावणीच्या ऐन घाईत हे खोचायला माणूस कुठला आणायचा, हा प्रश्न खराच आहे. तो माणूस पहिली दोन वर्षं कंपनीने दिला, तर त्याला आम्ही मदत म्हणू.

प्रात्यक्षिक प्लॉटवर तुम्ही जास्त चिडला आहात आणि ते रास्तच आहे. पण 'जाहिरात आहे' म्हणून सोडून देण्यापेक्षा ती खोटी कशी ठरते ते कळलेलं बरं, कारण प्लॉट लागणारच आहेत.

पहिला प्रश्न : तुलनेची पट्टी कुठे आहे? त्याच खाचरात, त्याच दिवशी लावलेली, त्याच वयाच्या आवणाची (रोपांची), शेतकऱ्याच्या नेहमीच्या वाणाची पट्टी नसेल तर प्लॉटवरच्या आकड्याला अर्थ नाही. बऱ्याचदा संकरित वाणाला मोजून खत, तणनाशक, वेळेवर फवारणी मिळते आणि बांधापलीकडच्या भाताला मूठभर युरिया. मग उत्पन्न वाढलं ते बियाण्याने की खताने? तिसरी पट्टी कर्जतच्या संशोधन केंद्राच्या एखाद्या सुधारित वाणाची असावी, उदाहरणार्थ कर्जत-7. त्याचं बी घरी राखता येतं. संकरिताचं पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि हा खर्च फलकावर कधीच लिहिलेला नसतो.

दुसरं, कापणीचं वजन. इथे पाणी विकलं जातं, अगदी शब्दशः. 5 बाय 5 मीटरचा चौकोन कापला, झोडला आणि 10 किलो भात भरला तर हेक्टरी 40 क्विंटल, असा फलक लागतो. पण नुकत्या कापलेल्या भातात 22 टक्के ओलावा असू शकतो. हिशेब 14 टक्क्यांवर धरायचा : 10 गुणिले 78 भागिले 86, म्हणजे 9.07 किलो. चाळीसचे छत्तीस झाले. आता शेजारचा हळवा, म्हणजे लवकर येणारा, वाण आठ दिवस आधी पिकून, उन्हात वाळून मग तोलला गेला असेल, तर दहा टक्क्यांचा 'फरक' नुसत्या पाण्याचा. ओलावामापक महाग वाटत असेल तर दोन्ही पट्ट्यांचं धान्य एकाच अंगणात सारखेच दिवस वाळवून एकाच काट्यावर तोला. चौकोन बांधाजवळ टाकायचा नाही, कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो आणि लोंब्या भरतात. चौकोन कुठे पडणार हे भात उभं असताना चिठ्ठी टाकून ठरवावं. कंपनीचा माणूस खाचरभर डोळा फिरवून 'इथे कापू' म्हणाला की समजायचं.

यंत्रं गंजतात, तेही खरं. पण कारण दर वेळी आळस नसतं. भात लावणी यंत्राचंच घ्या. ते राबावर वाढवलेल्या आवणावर चालत नाही. त्याला चटई रोपवाटिका लागते : एकरी 80 ते 100 ट्रे, चाळलेली माती, त्यावर बियाण्याचा सारखा थर, आणि 15 ते 18 दिवसांचं, वीतभरही न वाढलेलं रोप. रोप पंचवीस दिवसांचं झालं की मुळं ट्रेमध्ये गुंततात, यंत्राचे चिमटे ती तोडतात आणि ओळीत रिकाम्या जागा पडतात. चिखलणीनंतर गाळ बसायला एखादा दिवस द्यावा लागतो आणि पाणी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर असावं, नाहीतर रोपं तरंगतात. पाऊस लांबला की ट्रेमधलं रोप थांबत नाही. राबातलं आवण आठवडाभर थांबतं. आणि आठ ओळींचं, वर बसून चालवायचं यंत्र पाच गुंठ्यांच्या खाचरात वळेपर्यंत खाचर संपतं. बांधावरून ते दुसऱ्यात नेणार कसं? अशा ठिकाणी मागून चालत चालवायचं चार ओळींचं यंत्र द्यायला हवं. यंत्र देताना ट्रे, सुट्या भागांचा संच आणि चालवणाऱ्याचं दोन हंगामांचं मानधन दिलं नाही, तर पैसे शेडवर गेले असं धरून चाला.

मालकीचंही विचारा. सामाजिक खर्चातून झालेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्था, लाभार्थींचा गट किंवा सरकारी यंत्रणेकडे जावी लागते. गटाच्या नावावर असेल तर तासाचं भाडं किती, डिझेल कोणाचं, आणि भाड्यातला दुरुस्तीचा हिस्सा कोणत्या खात्यात जातो, हे ठरावात लिहिलेलं असतं. ठराव नसेल तर यंत्र सरपंचाच्या अंगणात.

राहिला सोसायटीतला बाजार. राज्याने 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, तेव्हापासून असे बाजार वाढले आणि कंपन्या तंबू, क्रेट, टेम्पो देऊ लागल्या. गणित अवघड आहे. समजा टेम्पोला 5,000 रुपये लागले आणि माल 500 किलो, तर किलोमागे 10 रुपये रस्त्यातच. दुपारी उरलेली 40 किलो पालेभाजी परत नेण्यात अर्थ नसतो. त्यामुळे टेम्पो भरायला वाशीच्या घाऊक बाजारातून बटाटा-कांदा उचलणं सुरू होतं आणि दोन महिन्यांत शेतकरी घरी, व्यापारी स्टॉलवर. कंपनीचं अनुदान तंबूऐवजी पहिल्या सहा महिन्यांच्या भाड्याला लागलं असतं, तर हे टळण्याची शक्यता जास्त.

ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. वाडा-विक्रमगडचा म्हणवणारा स्टॉल बटाटे, सफरचंद आणि फ्लॉवर एकत्र मांडत असेल तर तो वाशीहून आला. आषाढ-श्रावणात तिथला माल म्हणजे काकडी, शिराळी, पडवळ, कारली, अळू, आणि रानातली कंटोळी, टाकळा. काकड्या सगळ्या एका मापाच्या नसतात. दिवाळीनंतर अलिबागचा 'नवा' पांढरा कांदा वेणीत बांधून कोणी देऊ केला तर तो अलिबागचा नव्हे. तो भातानंतर लावतात आणि सहसा फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला निघतो. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का आहे का तेही बघा, इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दरवर्षी लागतो. आणि 'भात कधी झोडलात?' एवढं विचारून बघा. ज्याच्या अंगणात मळणी झालीय तो ओलाव्यापासून पेंढ्याच्या भावापर्यंत सगळं सांगत बसतो, मागे रांग लागली तरी.