"यादी करा, घरी कळवा" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. नात्यातल्या एका माउलीने तो पाठवला आणि खाली अहिराणीत एवढंच लिहिलं, "आते कॉलेजमा बी हाई चालू शे का?" तिची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने तालुक्याच्या गावी जाते. पुढच्या महिन्याचा पास काढायचा की नाही, यावर आता घरात बोलणी चालू झाली आहेत. एका फॉरवर्डपायी एका पोरीचं शिक्षण थांबणार असेल तर गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा: "पालकांनो सावधान! कॉलेजांमध्ये एलजीबीटी गट काढून मुलांना बिघडवलं जात आहे. हे बेकायदेशीर आहे, युजीसीची बंदी आहे. गटात गेलेलं मूल तसंच होतं. 'अलाय' म्हणून फिरणारी मुलं एजंट असतात. हे मुंबई-पुण्याचं फॅड, आपल्या खान्देशात असलं कधी नव्हतं. डॉक्टरकडे यावर इलाज आहे. प्राचार्यांनी गटातल्या मुलांची यादी करून घरी कळवावी."

(एलजीबीटी म्हणजे समलिंगी, उभयलैंगिक आणि तृतीयपंथी व्यक्ती; युजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग.) मेसेजचं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून सुरुवात तिथून.

यादी घरी गेली की काय होतं? आपल्याकडे मुलाचं, आणि मुलीचं तर फारच, शिक्षण तीन धाग्यांवर टांगलेलं असतं: एसटीचा पास, फीचे पैसे आणि घरच्यांची परवानगी. चोपडा, शहादा, पारोळा, कुठलाही तालुका घ्या. नाव घरी कळलं की त्याच आठवड्यात पास बंद होतो, मोबाइल काढून घेतला जातो आणि येत्या लग्नसराईत उरकून टाकायची भाषा सुरू होते. मुलगा असेल तर मारहाण, नाहीतर सुरतेला काकाकडे कामाला रवानगी. ज्याने यादी केली त्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी त्याने फक्त "कळवलं".

कायद्याच्या अंगानेही हा सल्ला टिकत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि लैंगिक कल हा त्या हक्काच्या गाभ्याचा भाग आहे, असं निकालात स्पष्ट लिहिलं. सीनिअर कॉलेजातली बहुतेक मुलं अठरा पूर्ण झालेली असतात. आपल्याबद्दल आईबापांना काय सांगायचं आणि कधी, हे त्यांनी ठरवायचं. प्राचार्यांनी नाही, वर्गशिक्षकांनी नाही, शेजारच्या बाकावरच्या मित्रानेही नाही.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचं काय झालं, ते मराठी माणसाने तरी विसरू नये. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते, कवी होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसले आणि त्यांचं एका पुरुषासोबतचं चित्रण केलं. विद्यापीठाने कारवाई केली ती सिरस यांच्यावरच, त्यांना निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. न्यायालयात जिंकलेल्या, नोकरीत मुरलेल्या प्राध्यापकाची ही गत, तर एकोणीस वर्षांच्या पोराची काय होईल?

आणि यादी वाईट हेतूनेच होते असंही नाही. ती बहुतेकदा आपोआप तयार होते. कॉलेजात कुठलाही कार्यक्रम झाला की नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी तीन गोष्टी लागतात: हजेरीपत्रक, अहवाल आणि जिओटॅग फोटो. म्हणजे चांगल्या मनाच्या मॅडमने बारा मुलांची बैठक घेतली, कागद फिरवला, सगळ्यांनी नाव, वर्ग, मोबाइल नंबर लिहून सही केली. तो कागद आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, कपाटात गेला, स्कॅन होऊन वेबसाइटवरच्या पीडीएफमध्ये गेला. झाली यादी. खाली वेळ आणि जागा छापलेला फोटोही सोबत.

म्हणून नीट चालवायचा गट असा चालवतात. हजेरी फक्त मोठ्या व्याख्यानाला, जिथे पूर्ण वर्ग बसलेला असतो. छोट्या बैठकीला कागद नाही, अहवालात नुसती संख्या. फोटो फक्त वक्त्याचा किंवा बॅनरचा. व्हॉट्सॲप ग्रुप काढायचाच नाही, कारण त्यात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो आणि एक स्क्रीनशॉट पुरतो. त्याऐवजी चॅनेल काढायचं, तिथे फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. गटाचं नाव समता मंच, संवाद गट असं साधं. विषयही मिसळलेले ठेवायचे: रॅगिंगचा कायदा, परीक्षेचा ताण, संमती म्हणजे काय, समलिंगी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचे हक्क. असं केलं की त्या खोलीत बसलेल्या मुलाबद्दल नुसत्या बसण्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही.

वेळही जपून निवडावी लागते. कॉलेज सुटल्यावर चारची बैठक ठेवली की गावाकडची मुलं येऊच शकत नाहीत, आणि आलीच तर नेहमीची गाडी का चुकली याचं उत्तर घरी द्यावं लागतं. दोन तासांमधल्या सुट्टीत चाळीस मिनिटं पुरतात.

आता "बेकायदेशीर, युजीसीची बंदी". हे धडधडीत खोटं आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने ठेवलेल्या समलिंगी संबंधांना दंड संहितेच्या कलम ३७७ च्या गुन्ह्यातून बाहेर काढलं. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, युजीसीने आपल्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली. तीत रॅगिंगच्या व्याख्येत एक कलम वाढवलं: जात, धर्म, रंग, लिंगभाव (तृतीयपंथीयांसह), लैंगिक कल, दिसणं, प्रादेशिक मूळ अशा कारणांवरून विद्यार्थ्याला लक्ष्य करून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ, त्यात धमकावणं आणि वाळीत टाकणंही आलं, हे रॅगिंगच. म्हणजे ज्या युजीसीची बंदी आहे म्हणून मेसेज ओरडतो, तिच्याच नियमात या मुलांना "बायल्या", "छक्का" म्हणून हिणवणं आणि वेगळं पाडणं गुन्ह्याच्या रांगेत बसवलेलं आहे. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि तुमच्या मुलाने रॅगिंगविरोधी जे हमीपत्र भरून दिलं, ते याच नियमांखालचं. न वाचता सही केली असेल तर आता वाचा.

यासोबत आपला राज्याचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. तक्रार दाबून ठेवणाऱ्या प्रमुखालाही हा कायदा सोडत नाही. तृतीयपंथी विद्यार्थ्यांसाठी २०१९ च्या कायद्याचं कलम १३ आणखी वेगळं: सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या संस्थेने शिक्षण, खेळ, करमणूक यांत भेदभाव न करता संधी द्यायची.

तक्रारी फसतात त्या लिहिण्यात. "मला त्रास देतात" एवढ्यावर समिती काहीच करू शकत नाही. तारीख, वेळ, जागा (कॅन्टीनमागे, वसतिगृहाचा दुसरा मजला), बोललेले शब्द जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी, आणि तिथे कोण होतं. व्हॉट्सॲपवर असेल तर लगेच स्क्रीनशॉट, कारण समोरचा सगळ्यांकडून डिलीट करून मोकळा होतो. नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, कापून पाठवू नका. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तक्रारीत "मी समलिंगी आहे" असं लिहायची काहीही गरज नाही. मला अमुक शब्दांनी हिणवलं, एवढं पुरतं. गुन्हा छळणाऱ्याच्या वागण्यात आहे, तक्रार करणारा कोण आहे हे त्यात सिद्ध करावं लागत नाही. कॉलेजात कुणी ऐकत नसेल तर युजीसीचा रॅगिंगविरोधी क्रमांक १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असतो.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. समलिंगी लग्नाला भारतात कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती दिली नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हे अर्धवट ऐकून "सगळंच बेकायदेशीर" करून टाकलं. लग्नाची नोंद होत नाही म्हणून कॉलेजात एकत्र बसणं, बोलणं, मदत मागणं गुन्हा ठरत नाही. आणखी एक: काही ठिकाणी असे कार्यक्रम नुसते फोटोपुरते होतात. शहरातला वक्ता तासभर इंग्रजीत बोलतो, साक्री-अक्कलकुव्याच्या पोराला त्यातलं एक अक्षर कळत नाही. ही टीका खरी आहे. तिचं उत्तर मराठीत, अहिराणीत बोलणं हे आहे.

"अलाय म्हणजे एजंट." अलाय म्हणजे जो स्वतः समलिंगी किंवा तृतीयपंथी असेल-नसेल, पण त्यांच्या बाजूने उघड उभा राहतो तो. त्याची गरज का पडते? अर्ज द्यायला कुणीतरी नाव लावावं लागतं. विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे किंवा रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कार्यक्रम अधिकाऱ्याकडे जाऊन हॉल मागावा लागतो, नोटीसवर समन्वयक म्हणून सही लागते. ज्याचं घर अजून तयार नाही त्याने ती सही केली तर तीच त्याची यादी झाली. म्हणून दोन समन्वयक ठेवतात, दोन्ही नावं अलायची चालतात. विषय कोणता, वक्ता कोण, काय बोलायचं नाही, हे मात्र ज्यांच्यासाठी गट आहे तीच मुलं ठरवतात. नेतृत्व म्हणजे हेच, त्यासाठी माइक हातात असावाच लागतो असं नाही. ज्या मुलाला उघडपणे पुढे यायचं आहे त्याने यावं, त्याला कुणी मागे ओढू नये. पण ढकलूही नये.

अलाय चुकतात, आणि बरेचदा उत्साहात चुकतात. स्टेजवर कुणीतरी अभिमानाने सांगतो, "आपल्या कॉलेजात असे चार जण आहेत." आठशे मुलांच्या कॉलेजात संध्याकाळपर्यंत ते चार कोण याचे अंदाज सुरू होतात. दुसरी चूक, "तुला कधी कळलं?" असले प्रश्न. तिसरी, एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्या "चांगल्या" मित्राला सांगणं. अलायचं खरं काम यापेक्षा साधं आहे: वर्गात कुणी त्या शब्दाने हाक मारली की तिथल्या तिथे "हे बोलायचं नाही" म्हणणं, त्या मुलाशेजारी डबा खाणं, तक्रारीला साक्षीदार म्हणून सही करणं. आणि तिसऱ्या वर्षाच्या समन्वयकासोबत दुसऱ्या वर्षाचा एक जण आधीपासून ठेवावा, परीक्षा लागायच्या आत सगळं त्याच्याकडे द्यावं. नाहीतर मुलं पास होऊन गेली की गट संपतो.

"गटात गेलेलं मूल तसंच होतं" यावर फार बोलण्यासारखं नाही. कुणाबद्दल ओढ वाटते ती बैठकीला बसून बदलत नाही. बदलली असती तर आयुष्यभर स्त्री-पुरुषांच्या लग्नांत जेवलेली ही मुलं केव्हाच बदलली असती.

"डॉक्टरकडे इलाज आहे." नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे "बदलून देतो" म्हणणारे उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे त्याची तक्रार होऊ शकते. मूल गप्प झालं असेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही म्हणत असेल, तर तो छळाचा आणि भीतीचा परिणाम असू शकतो, आणि त्याला मदत नक्की आहे: टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, मराठीत.

राहिलं "खान्देशात असलं कधी नव्हतं". जळगाव तालुक्यातल्या भादलीला विचारा. तिथल्या ग्रामपंचायतीसाठी अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने महिलांच्या जागेवर अर्ज भरला, तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना लढू दिलं आणि गावाने त्यांना निवडून दिलं. खान्देशातल्या एका गावाने मतदान करून आपला सदस्य म्हणून जे मान्य केलं, ते कॉलेजच्या आवारात परकं कसं?

त्या माउलीला आणि तिच्यासारख्या पालकांना कॉलेजात जाऊन खरंच काही विचारायचं असेल तर गटातल्या मुलांची यादी मागू नका. युजीसीच्या नियमांप्रमाणे रॅगिंगविरोधी समितीत पालकांचे प्रतिनिधी असावे लागतात. यंदा ते कोण आहेत, त्यांचे फोन नंबर नोटीस बोर्डावर लागलेत का, समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. उत्तर लेखी मागा. आणि पोरीचा पास काढा.