पाणी कुणाचे तोडायचे?

आज सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांचा संदेश आला: जो मतदान करणार नाही, त्याचे नळ कनेक्शन तोडा. त्याखाली टाळ्यांची रांग लागली आणि मग कुणीतरी ते ठेवणीतले वाक्य लिहिले की आपले लोक सुट्टी समजून घरात लोळतात आणि ‘ते’ सकाळी सातला रांगा लावतात, म्हणून गावाचे हे असे होते. ‘ते’ म्हणजे कोण, हे सांगलीत कुणाला फोड करून सांगावे लागत नाही. तुम्हालाही नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

रांगेचा विषय निघाला की मला 1 ऑगस्ट 2018 चे महापालिकेचे मतदान आठवते. माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या, हळद निवडायला जाणाऱ्या, गुंठेवारीतल्या प्लॉटवर राहणाऱ्या. बोटांच्या पेरांत पिवळा रंग कायमचा बसलेला. नवऱ्याचे नाव एका शाळेत आणि त्यांचे दुसऱ्या, असे निघाल्यामुळे आधी तिकडे रांगेत उभ्या राहून त्या आमच्या केंद्रावर आल्या होत्या. त्या दिवसाची हजेरी बुडाली होती. आत गेल्यावर त्यांनी विचारले, “चारीबी द्यायची व्हय?” कर्मचारी वैतागून म्हणाला, “द्यावीच लागतात मावशी, नाहीतर मशीन पुढे जात नाही.” प्रभागातल्या चार जागांसाठी चार मते देऊन त्या बाहेर आल्या आणि पदराने तोंड पुसून चालू लागल्या. आमच्या ग्रुपच्या हिशोबात त्या ‘ते’.

आता त्या चार मतांचे पुढे काय झाले ते पाहा. त्या निवडणुकीत 78 पैकी 41 जागा जिंकून भाजपने पहिल्यांदाच पालिका घेतली. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच सभागृहाने, भाजपचीच काही मते फुटून, राष्ट्रवादीचा महापौर निवडला. मतदारांना कुणी विचारले नव्हते. ऑगस्ट 2023 मध्ये मुदत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडला. मधल्या काळात प्रशासक होते, म्हणजे नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता. इतके होऊनही लोक रांगेत उभे राहतात, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते. आणि दाराशी चारचाकी असलेले लोक त्यांच्यावर ठपका ठेवतात, याची चीड येते.

मान्य आहे, मतदानाची सुट्टी जोडून गणपतीपुळ्याला जाणारे आमच्याच गल्लीत आहेत. पाकिटेही वाटली जातात. पुढे चला.

‘गावाचा कल’ ही आणखी एक गंमत आहे. सांगली म्हणजे वसंतदादांचे गाव, काँग्रेसचा गड, असे आम्ही लहानपणापासून ऐकले. 2014 मध्ये लोकसभेला तो गड पडला. 2024 च्या उन्हाळ्यात दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून खासदार झाले, आणि सहा महिन्यांत याच शहराने भाजपच्या सुधीर गाडगिळांना तिसऱ्यांदा आमदार केले. लोक दर वेळी नव्याने विचार करून मत देतात, हे एवढे साधे आहे. पण आमच्या ग्रुपला जातीचा, धर्माचा आणि पेठेचा हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. याच गाडगिळांचे 2019 चे मताधिक्य सात हजारांच्या आत होते. तेवढी माणसे तर आमच्या दोन-तीन उपनगरांतून नुसती यादीपुरती राहत असतील.

खरे दुखणे तिथेच आहे. मतदार यादी घेऊन कुणी आमच्या गल्लीतून एकदा फिरून पाहावे. इंजिनिअर झालेली मुले पुण्यात, सुना बंगळुरूत, एक जोडपे कॅनडात, दोन आजोबा कैलासवासी. नावे मात्र सगळ्यांची इथे, फोटोंसकट. मग टक्का घसरला की आम्ही ‘आपले लोक आळशी’ म्हणून गळा काढतो. आपले लोक आळशी नाहीत हो, आपले लोक इथे नाहीत. त्यांना इथे काम मिळाले नाही म्हणून ते गेले, आणि त्यांच्या आईबापांनी नाव तसेच ठेवले, कारण नाव काढणे म्हणजे लेकराला घराबाहेर काढण्यासारखे वाटते. हे लिहिताना माझाही राग थोडा उतरला, कारण ती माया मला कळते. पण त्या मायेचे खापर हळद निवडणाऱ्या बाईवर कशाला?

पत्ता बदलायला आठ नंबरचा फॉर्म आहे, गेलेल्या माणसाचे नाव काढायला सात नंबरचा. हे मी दुपारी ग्रुपवर लिहिले. अजून टाळ्या आलेल्या नाहीत. सकाळचा संदेश पाठवणाऱ्या काकांचा धाकटा मुलगा आमच्याच केंद्राच्या यादीत आहे आणि कित्येक वर्षे हिंजवडीत राहतो. त्याचे पाणी कुठले तोडायचे, सांगलीचे की पुण्याचे, एवढे काकांनी सांगावे.