परदेशातून : नाण्यांचे डबे आणि भाच्याचं घरभाडं

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रिगेटर्ससाठी, म्हणजे ग्राहकाचे पैसे व्यापाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या मधल्या कंपन्यांसाठी, नवीन नियम काढले आणि ॲपवरून क्रेडिट कार्डाने घरभाडं भरायची सोय बंद पडली, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक वाद चालू आहे तो संपायचं नाव घेत नाही. वाद लावलाय पुण्यातल्या माझ्या भाच्याने. त्याचं म्हणणं असं की मामा, तुमच्या अमेरिकेत कार्डावर धो धो रिवॉर्ड मिळतात, कोणी काही विचारत नाही, आणि इथे काही चांगलं चालू झालं की लगेच सरकारच्या डोळ्यात खुपतं.

आता भाचा भाडं कुणाला देत होता, तर स्वतःच्या आईला. म्हणजे माझ्या ताईला. राहतो तिच्याच घरात. दर महिन्याला कार्डाने चाळीस हजार "भाडं" ताईच्या खात्यात, ॲप एक टक्का आणि वर जीएसटी कापणार, ताई ते पैसे दोन दिवसांनी त्याला परत पाठवणार, त्यातून तो कार्डाचं बिल भरणार. पैसा घरातल्या घरात फिरला, पण वर्षाचा स्पेंड पूर्ण झाल्यामुळे कार्डाची ॲन्युअल फी माफ आणि वरून पॉइंट्स. याला ही मुलं कार्ड रोटेट करणं म्हणतात.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मी स्वतः हेच केलंय, पंधरा वर्षांपूर्वी, इथे न्यू जर्सीत, आणि तेही थेट अमेरिकन सरकारच्या टांकसाळीकडून नाणी मागवून. त्यामुळे हे मी त्याच्यासाठीच लिहितोय, पण घरून असाच प्रश्न विचारला जाणारे आपल्यातले आणखीही असतील.

झालं होतं असं की अमेरिकेने २००५ साली कायदा करून एक डॉलरची नवीन नाणी काढायचं ठरवलं, राष्ट्राध्यक्षांचे चेहरे असलेली, २००७ पासून दर वर्षी चार. नाणं दिसायला छान, सोनेरी, पण कोणी वापरेना. त्याचं कारण साधं आहे, एक डॉलरची नोट चालूच होती, मग खिशात जड नाणं कोण ठेवेल? शेजारी कॅनडाने १९८७ ला डॉलरचं नाणं आणलं आणि दोन वर्षांत नोट काढणं बंद केलं, तिथे नाणं लगेच रुळलं. इथे नोटेला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या तिकीट मशीनमधून सुटे म्हणून ही नाणी खडखडत पडायची, तेवढाच त्यांचा आणि माझा संबंध.

मग २००८ मध्ये टांकसाळीने योजना काढली की नाणी थेट घरी पाठवू. २५० नाण्यांचा डबा २५० डॉलरला, पोस्टेज टांकसाळीचं, आणि क्रेडिट कार्ड चालेल. हेतू असा की लोक घेतील आणि बाजारात खर्च करतील. पण माइल्स, म्हणजे विमानाच्या तिकिटासाठी वापरता येणारे कार्डाचे पॉइंट्स, गोळा करणाऱ्या लोकांनी एका दिवसात हिशोब मांडला, की २५० डॉलरची वस्तू २५० ला मिळतेय, कार्डावर २५० माइल्स पडतायत, नाणी नेऊन बँकेत भरायची आणि त्याच पैशाने बिल चुकतं करायचं. काही जणांनी तर लाखांत नाणी मागवली, तेव्हाच्या पेपरांत बातम्या आल्या होत्या.

मला हे ऑफिसातल्या एका मित्राने २०१० मध्ये सांगितलं. मी दर दहा दिवसांनी चार डबे मागवायला लागलो. नाणं ८.१ ग्रॅमचं, म्हणजे चार डब्यांत हजार नाणी आणि आठ किलोच्या वर वजन. डिलिव्हरीवाला दारात ठेवून जायचा तेव्हा पायरीवर धप्प असा आवाज यायचा. आत पंचवीस-पंचवीसचे कागदात घट्ट गुंडाळलेले रोल, एकेका डब्यात दहा. त्या वर्षी फिलमोर, पियर्स आणि ब्युकॅनन यांची नाणी होती, मी त्या आधी या तिघांची नावंसुद्धा ऐकली नव्हती. रोल न फोडता सॅकमध्ये भरायचे, शनिवारी सकाळी बँक, आणि दुपारपर्यंत पैसे खात्यात.

काउंटरवर एक वयस्कर बाई असायच्या. पहिल्यांदा त्यांनी कौतुकाने एक रोल फोडून नाणं हातात घेऊन पाहिलं, कडेवरची अक्षरं अंगठ्याने चाचपली. चौथ्या-पाचव्या वेळेला त्यांनी विचारलं की तुमचं लाँड्रीचं दुकान आहे का? (इथे लाँड्रीतली मशीन नाण्यांवर चालतात.) मी खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या वगैरे नाहीत, फक्त मागच्या खोलीचं दार उघडून दाखवलं, आत भिंतीला लागून माझेच रोल रचलेले होते, माझे आणि माझ्यासारख्या आणखी दोघातिघांचे. म्हणाल्या, हे कोणी मागत नाही, गाडी आली की परत फेडकडे जातं. म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या तिजोरीत. टांकसाळीतून निघालेलं नाणं माझ्या दारावरून होऊन तिजोरीत जाऊन पडत होतं आणि त्या सगळ्या प्रवासात त्याने एक कप चहासुद्धा विकत घेतला नव्हता.

तरी मी थांबलो नाही. कारण मला आईचं तिकीट काढायचं होतं. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदाच माझ्याकडे यायची होती, आणि त्या वर्षी माझ्याकडे एका तिकिटाचे पैसे सहज काढण्यासारखी परिस्थिती नव्हती. दहा महिन्यांत मी तीस हजार डॉलरची नाणी फिरवली. वजनात मोजलं तर २४३ किलो. आधीचे माइल्स होते त्यात ते मिळवून तिकीट झालं, आई आली, तीन महिने राहिली. त्याचा मला पश्चात्ताप नाही आणि भाच्याला मी कुठल्या तोंडाने चोर म्हणू, तर म्हणणारच नाही.

पण त्याच काळात एक गोष्ट झाली ती सांगायला हवी. आमच्या घराजवळ एका गुजराती काकांचं छोटं दुकान होतं, दूध, ब्रेड, पारले-जी, लॉटरीची तिकिटं असलं सगळं. काका मुलुंडला वाढलेले, मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. मी दुधाचा गॅलन घेतला आणि सवयीने कार्ड पुढे केलं. त्यांनी काउंटरवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, कार्डासाठी किमान दहा डॉलर. (२०१० च्या कायद्याने दुकानदारांना तेवढी मुभा दिली होती.) मी जरा वैतागून म्हटलं काका, चार डॉलर आहेत, काय फरक पडतो. तर त्यांनी गल्ल्याखालून महिन्याचं स्टेटमेंट काढलं, काउंटरवर पसरलं आणि पेनाने एकेक ओळ दाखवत गेले. साधं कार्ड, एवढे टक्के. रिवॉर्डवालं कार्ड, त्याहून जास्त. त्याच्याही वरचं, आणखी जास्त. आणि प्रत्येक स्वाइपमागे वेगळे सेंट. तुझ्या या चार डॉलरमागे माझे वीसेक सेंट जातात, दुधात मला मिळतात तेवढेच, असं म्हणाले. मग शांतपणे म्हणाले, तुला पॉइंट मिळतो ना, तो बँक देत नाही बाळा, मी देतो. आणि मी माझ्या खिशातून नाही देऊ शकत म्हणून भाव वाढवतो, आणि तो भाव त्या रांगेतल्या माणसालाही पडतो.

माझ्या मागे एक मेक्सिकन मजूर उभा होता, हातात ब्रेड आणि पाचाची नोट.

हे काकांचं एकट्याचं गणित नव्हतं. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी त्याच वर्षी, २०१० मध्ये, हिशोब मांडला होता की अमेरिकेत रोखीने व्यवहार करणारं सरासरी घर वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देतं आणि कार्ड वापरणाऱ्या घराला वर्षाला ११३३ डॉलर मिळतात. आणि कार्डवालं घर साहजिकच जास्त कमाईचं. भाच्या, तू जे "धो धो रिवॉर्ड" म्हणतोस ना ते हे आहेत. ते आकाशातून पडत नाहीत, कॅश देणाऱ्याच्या पिशवीतल्या ब्रेडमधून येतात. नाण्यांच्या बाबतीत कार्डाची फी आणि पोस्टेज टांकसाळ भरत होती, म्हणजे सरकार, म्हणजे टॅक्स भरणारे सगळे.

मी मार्च २०११ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी २२ जुलैला टांकसाळीनेच कार्ड घेणं थांबवलं, तोपर्यंत शंभर कोटींहून जास्त नाणी तिजोऱ्यांत पडून होती आणि एकेक बनवायला साधारण तीस सेंट लागलेले. (त्याच्या तीनच आठवडे आधी, ३० जूनला, आपल्याकडे चार आणे बंद झाले होते, आईने न्यू जर्सीत बसून हळहळ व्यक्त केलेली मला आठवतंय.) डिसेंबरमध्ये उपाध्यक्ष बायडन यांनी जाहीर केलं की चलनासाठी ही नाणी पाडणंच थांबवतोय. म्हणजे अमेरिकेत कोणी काही विचारत नाही हेही खरं नाही. तीन लाख डॉलरच्या वर रिवॉर्ड कमावलेल्या एका जोडप्याचं प्रकरण इथल्या टॅक्स कोर्टात गेलं, त्यांनी कार्डाने गिफ्ट कार्डं घेऊन त्यांच्या मनी ऑर्डरी करून त्या बँकेत भरल्या होत्या, आणि २०२१ च्या निकालात कोर्टाने गिफ्ट कार्डांवरचं रिवॉर्ड सोडलं पण कार्डाने थेट घेतलेल्या मनी ऑर्डरींवरच्या रिवॉर्डला टॅक्स लावला. विचारतात, फक्त उशिरा विचारतात.

आता घरच्या नियमाबद्दल. रिझर्व्ह बँकेचं म्हणणं एवढंच आहे की मधल्या ॲपने ज्याची नीट केवायसी केलीय, ज्याला व्यापारी म्हणून जोडून घेतलंय, त्यालाच पैसे पोचवावेत. घरमालक व्यापारी नाही म्हणून भाडं बाहेर पडलं. यात खऱ्या भाडेकरूची अडचण झाली हे मला मान्य आहे, वाकडला नवीन नोकरीवर आलेला मुलगा, डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं एकदम द्यायचंय आणि पगार व्हायला वीस दिवस आहेत, त्याला कार्डाचा खरोखर आधार होता. त्याच्यासाठी काहीतरी वाट काढायला हवी होती आणि ती काढली नाही याचा मलाही राग आहे. पण त्याची वाट अडली त्यात आपल्या ताईच्या खात्यात फिरणाऱ्या चाळीस हजारांचाही वाटा आहे, हे भाच्याने मान्य करायला हवं. आम्ही नाणी फिरवली तेव्हा ज्याला खरंच डॉलरची नाणी खर्चायची होती त्याचंही कार्ड बंद झालंच ना.

आणि एक गोष्ट मला इथे राहून फार जाणवते, ती तिथे बसून जाणवत नाही. थेट बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पैसे घेतल्याबद्दल त्याच्याकडून कापली जाणारी फी, शून्य आहे. मंडईत पालेभाजीची जुडी घेऊन वीस रुपये स्कॅन केले तर वीसच्या वीस मावशीला मिळतात. इथल्या काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, पूर्ण वीस? हा खर्च कुणीतरी भरतं, मला माहितीय, २०२४-२५ साठी केंद्राने छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांपोटी १५०० कोटींची तरतूद केली आणि बँका म्हणतात ते पुरत नाही. यावर भांडण होऊ दे, जोरात होऊ दे, मोठ्या मॉलला फी लावा की नका लावू यावर माझंही मत पक्कं झालेलं नाही. पण तो आकडा उघड आहे, कॅबिनेट जाहीर करतं, पेपरात येतो. इथला आकडा दुधाच्या भावात मिसळलेला असतो, तो त्या मजुराला कधीच दिसत नाही.

म्हणून भाचा जेव्हा रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून चहाच्या टपरीवर पॉइंट कमावायच्या गोष्टी करतो तेव्हा मला काळजी वाटते. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत त्यावर फी नाही, हे चांगलं आहे आणि ते तसंच राहायला हवं. पण त्याच्यावरच्या रकमेला फी आहे. लक्ष्मी रोडवर कार्ड काढलं की दोन टक्के वेगळे लागतील असं दुकानदार तोंडावर सांगतो, आपल्याला राग येतो, पण तो निदान सांगतो तरी. तीच फी सवयीने सगळ्या भावांत मुरली की मग काढता येत नाही, इथे काढता येत नाहीये. कायदा करायचं म्हटलं की बँका म्हणतात रिवॉर्ड बंद होतील, आणि माझ्यासारखेच लोक घाबरून गप्प बसतात, कारण प्रत्येकाला आपल्या आईचं तिकीट दिसत असतं.

काका आता थकलेत, दुकान मुलगा बघतो. मी त्यांच्याकडे कॅशच देतो, गेली पंधरा वर्षं.

भाच्याला मी एवढंच म्हणतोय की तू ज्या किराणावाल्याकडे महिन्याचं सामान भरतोस, अडीच-तीन हजारांचं बिल होतं, त्याला एकदा निवांत विचार की क्रेडिट कार्डाने दिले तर तुझ्या खात्यात किती येतात आणि साध्या यूपीआयने दिले तर किती. नेमका आकडा विचार, अंदाज नको. आणि ग्रुपवर टाक, ताईसुद्धा वाचेल.