वाळवंटातला आहे, म्हणून त्याला काहीच लागत नाही?

मुलांसाठी घरात कुठला छोटा प्राणी आणावा, असा प्रश्न पालकांच्या गटात कुणी टाकला की हल्ली एक सल्ला हमखास फिरत येतो: जर्बिल आणा. उंदरासारखा, वाळवंटातला प्राणी, पाणी जवळजवळ लागत नाही, वास येत नाही, कुठलीही हवा सोसतो. हॅम्स्टरच्या पिंजऱ्यात मावतो, एकटा खुशाल राहतो, सूर्यफुलाच्या बियांवर निभावतं आणि शेपटीला धरून उचलता येतो. यातली वासाची गोष्ट बरीचशी खरी आहे. बाकीचं एकेक तपासून बघू.

पाळला जातो तो मंगोलियन जर्बिल. मंगोलिया आणि उत्तर चीनमधली गवताळ, निमवाळवंटी पठारं हे त्याचं घर. १९३५ मध्ये जपानी संशोधकांनी काही जोड्या पकडून नेल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले काही १९५४ मध्ये प्रयोगशाळांसाठी अमेरिकेत पोचले, आणि आजचे बहुतेक पाळीव जर्बिल त्या मूठभर जनावरांचेच वंशज आहेत. त्या मुलखात हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळा भाजून काढतो. तिथे हा साठ-सत्तर ग्रॅमचा जीव तगतो तो बिळाच्या जोरावर. वर काहीही चालू असो, जमिनीखाली हवा त्या मानाने स्थिर असते. ‘कुठलीही हवा सोसतो’ म्हणणारे नेमकं हे बीळच विसरतात.

पाण्याचं म्हणाल, तर त्याची मूत्रपिंडं पाणी फार काटकसरीने वापरतात. लघवी थोडी आणि दाट, म्हणून वासही कमी. पण रानात त्याला हिरव्या पाल्यातून ओलावा मिळत असतो. आपण त्याला कोरडा खुराक देतो. दिवसाला जेमतेम चमचाभर पाणी पितो हे खरं, पण तो चमचाभर रोज हवा. बाटली कायम भरलेली असावी, आणि तिची नळी तुंबली नाही ना, हे रोज बोट लावून बघावं.

आता हवेचं, कारण आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. हवेतली आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या वर राहिली की जर्बिलची लव तेलकट, चिकटलेली दिसू लागते. मुंबई, रत्नागिरी, पणजीला जुलैत ती ८० टक्क्यांच्या वर असते! अंथरूण दमट होतं, त्याला बुरशी लागते. नाकाभोवती तांबूस डाग दिसतात आणि घरचे रक्त समजून घाबरतात. बहुतेक वेळा ते डोळ्यामागच्या ग्रंथीतून झरणारं लालसर द्रव्य असतं. कोरड्या वाळूत लोळून प्राणी ते एरवी स्वच्छ करतो. साचत राहिलं तर मात्र कातडी सोलवटते. म्हणून पेटीत वाळूचं भांडं हवं आणि पेटीचं झाकण जाळीचं हवं. पावसाळ्यात ज्या खोलीत दोरीवर कपडे वाळतात तिथे पेटी ठेवू नये. किनारपट्टीवर राहत असाल आणि एक खोली एसीने किंवा आर्द्रता शोषणाऱ्या यंत्राने कोरडी ठेवणं जमणार नसेल, तर माझं स्पष्ट मत: आणू नका. विदर्भात हवा कोरडी, पण मे महिन्यात ४५ अंश. तिथे प्रश्न उन्हाचा.

हॅम्स्टरच्या पिंजऱ्यात तो मावतो, पण मावणं म्हणजे राहणं नव्हे. एक तर प्लास्टिकचा तळ तो कुरतडून टाकतो. दुसरं, त्याला उकरायचं असतं. उथळ पिंजऱ्यातले जर्बिल कोपऱ्यात तासन्‌तास पाय चालवत राहतात आणि मुलं म्हणतात, बघा, खेळतोय! विडेनमायर या संशोधकाचं याविषयीचं काम १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. उकरायला नुसती वाळू दिली तरी पिल्लांना ही सवय जडली; बोगद्यातून आत शिरून बसता येईल असं तयार बीळ दिलं तेव्हा जडली नाही. म्हणजे त्याला हवं असतं ते उकरून शेवटी जाऊन बसायचं ठिकाण. काचेची मोठी पेटी, त्यात २० ते ३० सेंटिमीटर जाडीचा थर (कागदी अंथरूण, वाळलेलं गवत, पुठ्ठ्याच्या नळ्या) दिला की बोगदे टिकतात. उग्र वासाचा देवदाराचा भुसा नको. चाक ठेवायचं तर सलग पृष्ठभागाचं. काड्यांच्या चाकात शेपटी अडकते.

शेपटीला धरून उचलण्याचा सल्ला तर ताबडतोब थांबायला हवा. जर्बिलच्या शेपटीची कातडी ओढल्यावर मोज्यासारखी निसटून हातात येते. उघडा पडलेला भाग वाळून गळतो आणि पुन्हा उगवत नाही. दोन्ही तळहातांची ओंजळ करून उचलायचं.

तो एकटा राहतो हे हॅम्स्टरचं वर्णन आहे. जर्बिल कुटुंबाने राहतो, म्हणून एकाच वेतातली दोन नर किंवा दोन मादी पिल्लं आणावीत. उलट टोकाची चूकही होते: एकाला सोबत म्हणून दुसरा अनोळखी मोठा प्राणी सरळ आत सोडतात. मग जीव जाईपर्यंत भांडणं होतात. मध्ये जाळी लावून, दोघांच्या बाजू रोज अदलाबदल करून, आधी वासाची ओळख व्हावी लागते. दुकानदार ‘जोडी’ म्हणतो तेव्हा ती नर-मादीची असू शकते, हे विचारून घ्या. साधारण २५ दिवसांत पिल्लं होतात आणि मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते.

सूर्यफुलाच्या बिया म्हणजे चरबी. कधीतरी हातातून खाऊ म्हणून एखादी ठीक.

या सल्ल्याखाली कुणीतरी हेही जोडतं की आपल्या शेतात सापडतो तोही जर्बिलच, मग विकत कशाला? शेतातला जर्बिल वेगळ्या जातीचा, अंगाने मोठा, आणि भारतात प्लेगचे जंतू रानात टिकवून ठेवणाऱ्या उंदरांपैकी एक. त्याला हात लावू नये, मुलांना तर अजिबात लावू देऊ नये.

एवढं सगळं जमणार असेल तर निवडीचं बघा. २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ती विचारा. डोळे स्वच्छ, शेपटी टोकाच्या झुपक्यासकट पूर्ण, श्वासात टिकटिक आवाज नाही, एवढं पाहा. हातात घेतल्यावर एखादा गोठून थरथरू लागला तर ती फीट असू शकते. या प्राण्यात ती नवलाची नाही. खाली ठेवून शांत राहू दिलं की बहुधा एक-दोन मिनिटांत सावरतो. तीन-चार वर्षांची सोबत आहे ही. कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी तपासणारा पशुवैद्य आपल्या गावात आहे का, याची चौकशी पेटी विकत घेण्याआधी करा.