बिनखात्याच्या मिनिस्टरबाई

आमच्या मिनिस्टरबाईंनी राजीनामा दिला, असं साताऱ्याच्या मावशीला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "कुठलं खातं होतं रे त्यांच्याकडे?" मावशी, सगळीच होती. अर्थ, आरोग्य, बालकल्याण, शिवाय गळकं छप्पर. अधिकार तेवढे कुणी दिले नव्हते.

या बाई म्हणजे मी अमेरिकेत ज्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट चर्चच्या मंडळीत जातो, तिथल्या धर्मोपदेशक, इथल्या भाषेत मिनिस्टर. (बायको कॅथलिक घरातली, मी सत्यनारायणाच्या प्रसादापुरता हिंदू. मुलांसाठी मधली वाट शोधता शोधता इथे येऊन टेकलो.) युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट हे दोन जुने पंथ १९६१ मध्ये एकत्र आले. इथे देव मानायची सक्ती नाही, न मानायचीही नाही. डोक्यावर बिशप नाही. मिनिस्टर निवडायचा मंडळींनी, मतदान करून, आणि घालवायचाही मंडळींनीच. गेल्या महिन्यात दुसरं काम आम्ही चोख बजावलं. म्हटलं, अनुभव आहे तर चार लोकांच्या कामी यावा.

तर आधी निवड कडक करा. शोधसमिती नेमा, वर्षभर घोळ घाला. उमेदवाराकडे धर्मशास्त्राची तीन वर्षांची पदवी हवी, इस्पितळात रुग्णांजवळ बसण्याचं प्रशिक्षण हवं, वय तिशीचं आणि अनुभवही तीस वर्षांचा हवा. मग आठवडाभर बोलावून घ्या. दोन रविवारी दोन प्रवचनं, मधल्या दिवसांत एकेका समितीपुढे हजेरी. आपल्याकडे दाखवण्याचा कार्यक्रम तासाभरात आटोपतो आणि निदान पोहे तरी मिळतात.

प्रवचनात 'देव' शब्द आला की मागच्या रांगेने भुवया उंचवाव्यात. नाही आला की पुढच्या रांगेने.

सप्टेंबरातल्या जलविधीला सगळे आपापल्या गावचं, प्रवासातलं पाणी आणून एका भांड्यात ओततात. तुम्ही आइसलंडचं पाणी ओतताना माइक सोडू नका, विमानाचं तिकीट कितीला पडलं तेही सांगा.

निधीसाठी लिलाव होतो, त्यात प्रवचनाचा विषयही विकायला काढतात. सर्वांत मोठी बोली लावील त्याने विषय द्यायचा. आमच्या एका गृहस्थांनी २०० डॉलरला घेतला आणि विषय दिला मधमाश्या. बाईंनी तीन आठवडे मधमाश्यांचा अभ्यास केला. बोलल्याही सुरेख. गृहस्थ त्या रविवारी मासे पकडायला गेले होते.

तक्रार स्वतःच्या नावावर कधीही करू नका. 'काही लोक म्हणतात' हे सहा हातांचं दैवत आमच्याकडे सर्वमान्य आहे. नास्तिकसुद्धा मानतात.

आता मुख्य मुद्दा, सबॅटिकल. आमच्याकडे साधारण हिशेब असा, की एक वर्ष काम केलं की एक महिना जमा, आणि काही वर्षांनी ती रजा एकदम घ्यायची, वाचायला, लिहायला, झोपायला. बाईंचे पाच महिने साठले होते. नेमणुकीच्या करारात लिहिलेलं होतं, त्यावर आपल्याच सह्या होत्या. वार्षिक सभेत विषय निघाला आणि मागून आवाज आला, "पाच महिने? आम्हाला कोण देतं हो पाच महिने?" विचारणारे कोण, तर निवृत्त प्राध्यापक! स्वतः तीन सबॅटिकल घेतलेले, त्यातलं एक इटलीत! मग कुणी म्हणालं तीन महिने करा, कुणी म्हणालं रजेत निदान अंत्यविधींना येऊ द्या. अहो, रजेत मयताला यायचं, तर माणसं त्यांच्या सोयीने मरणार आहेत का? त्याआधी पाऊण तास आपण कागदी कप की चिनी मातीचे यावर घालवला होता, तेव्हा कुणाला घाई नव्हती. बाई पहिल्या रांगेत बसलेल्या. त्यांच्याबद्दल 'ती' 'ती' करून बोलणं चाललेलं, जणू फ्रिज दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा. आदल्या रात्री त्या आपल्यातल्याच एका आजोबांच्या उशाशी पहाटे चारपर्यंत होत्या. हे सभेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं.

हे काही आजचं नाही. आपले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये इंग्लंडच्या युनिटेरियनांच्याच मदतीने ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले. १९०३ मध्ये परतले आणि मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी मिशन काढलं. १९१० मध्ये प्रचारकपद सुटलं. सुधारकांना रविवारची उपासना चालवायला माणूस हवा असतो. तो सोमवारी वस्तीत जाऊन काम करू लागला की पंचाईत होते.

मी हे हसत हसत लिहायला घेतलं होतं. जमत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझे वडील पुण्यात गेले. विमान मिळेना, अंत्यदर्शन हुकलं. त्या संध्याकाळी बाई घरी आल्या. उपदेश नाही, काही नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, वडील काय म्हणायचे ते म्हण. मी 'सुंदर ते ध्यान' म्हटलं, अर्धवट, दुसऱ्या कडव्यावर अडलो. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. दोन तास बसल्या, निघताना सिंकमधली भांडी घासून गेल्या.

आणि त्या सभेत मी काय केलं? फोनमध्ये डोकं घालून बसलो. हात वर करून 'पुरे' म्हणायला किती सेकंद लागले असते? आणि मंडळींनो, तुम्हीही तसेच बसलात. समतेच्या पाट्या अंगणात रोवता आणि पगार देतो म्हणून एका बाईला चव्हाट्यावर उभं करता? लाज वाटायला हवी होती आपल्याला, त्याच दिवशी, त्याच खुर्चीत.

नव्या शोधसमितीत माझं नाव घातलं आहे म्हणे. काम करीन. पण मला फोन करून 'काही लोक म्हणतात' सांगायचं नाही. नावं सांगायची.